तव्याची पाठ

काय झालं ते मागून सांगते, आधी जिजीचं नाव घेते. नाव म्हणजे जिजीच. रेशनकार्डावर दुसरं काहीतरी असेल, पण राजूरला गणपतीच्या देवळामागच्या आमच्या गल्लीत म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून लेकरांपर्यंत सगळे तिला जिजीच म्हणायचे. आम्ही तिच्या घरात भाड्यानं राहायचो. आज घरापासून लांब, मस्कतला, समुद्राकाठच्या एका घरात मी स्वयंपाकाला आहे आणि इथं कुणी माझ्या हाताला बरं म्हणतं, ते तिच्या जिवावर. मी आठवीतून शाळा सोडलेली बाई. लिहायला बसले की वाटतं, आपल्याला कुणी सांगितलंय हे. पण जिजीचं कुणीतरी लिहिलं पाहिजे, आणि तिच्या मागंपुढं लिहिणारं दुसरं कुणी नाही.

मागच्या महिन्यात मॅडमनी गच्चीवरची बार्बेक्यूची शेगडी उघडायला सांगितली. सुट्टीच्या दिवशी हे लोक तिच्यावर मासे, पनीर, मक्याची कणसं भाजतात. शेगडीवर एक जाडजूड लोखंडी तवा असतो, चौकोनी. बरेच दिवस कुणी तिकडं गेलं नव्हतं आणि इथली हवा खारट. झाकण काढलं तर तवा नुसता लाल. बोट लावलं की पापुद्रे निघत होते. मॅडम म्हणाल्या, टाकून दे, नवीन आणू. मी म्हणाले, "टाकू नका, मला द्या. दोन दिवसांत करते." बोलून तर गेले. झालं नाही तर काय तोंड दाखवायचं? त्या काही बोलल्या नसत्या, पण मला असल्या गोष्टींनी झोप लागत नाही.

त्या गेल्यावर मी तवा उचलला आणि आधी पालथा केला. हात आपोआप तसा गेला. आणि पाठ बघता बघता डोळे भरून आले, कारण हा हात माझा नव्हताच. तो जिजीचा होता.

खोली बघायला आम्ही पहिल्यांदा तिच्या दारात गेलो तेव्हा सामान टेंपोतच होतं. जिजी ओट्यावर बसली होती. पायाशी विळा, मांडीवर चिंध्या. तिनं आम्हाला गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, डिपॉझिटचं तर नावच नाही.

"तवा हाये का?"

"टेंपोत हाये," मी म्हणाले.

"काढ."

आमचे हे माझ्याकडं बघायला लागले. मी पेपरात गुंडाळलेला तवा काढून दिला. तिनं तो पालथा केला, पाठीवरून तळहात फिरवला, वास घेतला, मग बोटाच्या पेरानं ठोकून कानाशी धरला.

"साबण लावती का ह्याला?"

"कधीमधी."

"कधीमधी म्हंजे लावतीच. हितं लावायचा न्हाई. घे खोली."

लोखंड हे तिचं वेड होतं. सकाळी उठली की घरभर एक चक्कर मारायची आणि दिसेल त्याला पेरानं ठोकायची. दाराची कडी, हापशाचं हँडल, खुरपं, मुसळाचं लोखंडी कडं. ठोकायची आणि ऐकायची. "बोलून राह्यलंय," म्हणायची आणि पुढं जायची. गंज हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. लोखंडाला गंज चढला की ती म्हणायची, रुसलंय. आमच्या सायकलच्या साखळीला ती म्हणायची, "जावाईबुवा, ही रुसली बघा, तुमी दोन दिवस विचारलं न्हाई." आमच्या ह्यांना पहिल्या दिवसापासून जावाईबुवाच. मला पोरी. स्टीलच्या भांड्यांना ती भांडी म्हणायची नाही, फोटो म्हणायची. "दिसतंय चांगलं, पण त्याला काय कळतंय."

दुसऱ्याच्या घरी गेली की सरळ चुलीपाशी. तवा पालथा करून पाठ बघायची. तिचं म्हणणं, "तोंड कुणी बी घासतं. पाठ घरचं सांगती." तिच्या पुतण्याला पोरगी बघायला भोकरदनकडं गेले होते, ती गोष्ट गल्लीत सगळ्यांना पाठ होती. मंडळी बैठकीत बसलेली, पोह्यांची वाट बघत. जिजी पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेली आणि थोड्या वेळानं पदराला हात पुसत बाहेर आली.

"आमची पसंती हाये," पोरीच्या बापाला म्हणाली.

पोरगी अजून बाहेर आलेलीच नव्हती. पुतण्या काकुळतीला आला. "काकू, मला तर बघू दे."

"बघ की. तुला कोण न्हाई म्हणतंय."

लग्न झालं आणि चांगलं झालं. पण म्हणून जिजीला कुणी शहाणी म्हटलं नाही. एकदा गल्लीतल्या बायका मिळून जांब समर्थला गेलो. दर्शनाच्या रांगेत जिजी दिसेना. शोधाशोध केली, तर ती प्रसादाच्या भटारखान्यामागं. तिथल्या आचाऱ्याला सांगत होती, कढई धुतली की आधी जाळावर वाळव, मग पालथी घाल, ओली पालथी घालू नको. आचारी हात जोडून म्हणत होता, "माय, तुमी दर्शनाला आल्त्या ना?" ती म्हणाली, "देव कुठं जातोय? तुझी कढई चाल्ली." दर्शन तिचं राहिलं ते राहिलंच.

नागपंचमीला मात्र तिचा कहर असायचा. आमच्याकडं पंचमीला तवा चढवत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. चिरायचं नाही, भाजायचं नाही, तळायचं नाही. उकडलेलं खायचं, पुरणाची दिंडं करायची. पण जिजी आदल्या सांजेला प्रत्येक घरी जाऊन तवे उतरवायची, करडीच्या तेलाचा हात फिरवून, हळदीकुंकू लावून भिंतीला टेकवून ठेवायची. आणि पंचमीला सकाळी नाक वर करून गल्लीतून हिंडायची, कुठून भाजल्याचा वास येतोय का बघत. समोरच्या घरात एका कारकुनाचं बिऱ्हाड होतं. त्यांच्याकडून वास आला. ती आत गेली आणि टोस्टर हातात घेऊन बाहेर आली.

"ह्यात काय करतेत?"

"ब्रेड भाजतो, जिजी. हा काय तवा नाहीये," ती बाई म्हणाली.

"भाजतेत ना? मंग तवाच हाये. उभा तवा."

टोस्टर दिवसभर जिजीच्या देवळीत, भिंतीतल्या कोनाड्यात बसला, हळदीकुंकू लावून. दुसऱ्या दिवशी परत गेला तेव्हा त्याच्या पोटातसुद्धा तेलाचा हात फिरलेला होता. पुढं कितीतरी दिवस त्या बिऱ्हाडाच्या ब्रेडला करडीचा वास येत होता. आम्ही हसून हसून लोळलो. जिजी हसली नाही. पंचमीला ती हसायचीच नाही, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली होती, पण विचारायची छाती नव्हती. घरामागं गोठ्याच्या भिंतीला तुरीच्या काड्या, जुन्या तुराट्या रचलेल्या होत्या. त्यांच्या खाली एक तवा पडलेला होता. साधा नाही, एका वेळी चार भाकरी सहज बसतील एवढा थोरला, आणि गंजानं फुगलेला. साऱ्या गल्लीच्या लोखंडाची चौकशी करणारी जिजी त्या कोपऱ्याकडं बघायचीसुद्धा नाही. तिकडून जाताना तोंड वळवून जायची. लोक सांगायचे, मागं कधीतरी देवळाच्या रस्त्याला जिजी अन् तिचा मालक भाकरीचं दुकान चालवायचे. तो त्या दुकानाचा तवा. आष्टीच्या बाजारात तिच्या बापानं घडवून घेतलेला, आणि तिनं माहेराहून बैलगाडीत आणलेला.

मग आमच्यावर वेळ आली. आमचे हे पिकअप चालवायचे. माल उतरवताना पाय सापडला आणि मांडीपर्यंत प्लास्टर आलं. गाडी दुसऱ्याकडं गेली. लेक अंगावर पिणारी. मला काय येत होतं? शाळा सोडलेली, शिलाई येत नाही, शेतात बिनपोराच्या बाईलाच आधी बोलावतात. येत होतं ते फक्त तव्यावरचं. अंगारकी तोंडावर आली होती. अंगारकीला राजूरला माणूस मावत नाही, आणि बहुतेकांना उपास. मी ठरवलं, रस्त्याकडंला भगर-साबुदाण्याची थालीपीठं लावायची. ती चालली तर पुढं रोज बसता येईल. नाही चालली तर माहेरी जाऊन भावजयीच्या हाताखाली राहायचं. दुसरा रस्ता नव्हता.

पण माझ्या तव्यावर एका वेळी एकच बसायचं. गर्दी थांबत नसते. मी जिजीकडं गेले आणि धीर करून म्हणाले, "जिजी, मागचा थोरला तवा द्याल का?"

तिचा चेहरा असा झाला की मी दोन पावलं मागं सरले.

"त्याचं नाव काढायचं न्हाई. बिलकुल न्हाई."

मी परत आले. मग गल्लीतून घरोघर तवे मागून आणले आणि ओट्यावर ओळीनं मांडले. जिजी आली, एकेक पालथा करून बघितला. प्रत्येक तवा कुणाचा ते तिनं पाठीवरून ओळखलं. "हा पाटलिणीचा. पातळ हाये, जळतंय. हा कोपऱ्यावरचीचा. मधी फुगलाय. ह्या पत्र्यांवर धंदा करून राह्यली व्हय तू?"

मला रडू आलं. "मंग काय करू, जिजी?"

ती हातातला तवा खाली ठेवून निघून गेली.

सकाळी शेण काढायला मागं गेले तर तुराट्या बाजूला पडल्या होत्या आणि जिजी अंगणात त्या थोरल्या तव्यासमोर बसली होती. तिनं पेरानं ठोकलं. बद्द आवाज आला, ओल्या मातीवर ठोकल्यासारखा.

"बोलत न्हाई," ती म्हणाली. "खाली लोखंड राह्यलंय का सगळं खाल्लंय, कुणाला ठाव. चीर पडली असली तर संपलंच. बस खाली."

खाटेवरून आमचे हे म्हणाले, "जिजी, गॅरेजातून बॅटरीचं ॲसिड आणायला सांगतो. जल्दी निघंल."

"जावाईबुवा, तुमचं प्लास्टर बी त्यानंच काढू मंग. जल्दी निघंल."

रुसलेल्याला मारायचं नसतं, असं तिचं म्हणणं. आधी खुरप्याच्या पाठीनं सुटे पापुद्रे काढले. मग विटेच्या तुकड्यानं गोल गोल घासलं, जोर न लावता. अंगणभर लाल भुकटी झाली, आमच्या हातांना, पदरांना, लेकीच्या टोपड्याला. मग चिंचेचा कोळ आणि मीठ, त्यात भिजवलेलं पोतं तव्यावर अंथरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पोतं काढलं तर खाली काळपट लाल चिखल. तो राखेनं आणि सुंभाच्या बोळ्यानं घासायचा. ती एका अंगानं घासायची, मी दुसऱ्या अंगानं. तिच्या बोटांची सालं गेली होती. मी म्हणाले, "तुमी राहू द्या, मी करते." ती थांबली नाही, आणि घासता घासताच बोलायला लागली. माझ्याकडं न बघता.

"पंचमी होती. देवाला आलेली एक गाडी बंद पडली हितं. बाया, लेकरं, सकाळपास्नं उपाशी. आमचे मालक म्हणले, आज तवा चढवू नको. मी म्हणलं, भुकेल्या लेकरांना सण सांगू का? चढवला. दिवसभर भाकरी थापल्या. सांजंच्याला मालक गेले. बसल्या बसल्या. छातीत कळ आली म्हणले अन् गेले."

सुंभाचा आवाज तेवढा येत होता.

"लोकं म्हणले, पंचमीला तवा चढवला. मी उठले अन् तापल्या तव्यावर घागर ओतली. चर्र झालं ते अजून कानात हाये. मंग नेऊन टाकला तिकडं."

"जिजी, तुमाला खरंच वाटतं का, त्याच्यामुळं..."

"ते मला ठाऊक असतं तर लोकांच्या घरात तवे बघत हिंडले असते का, पोरी?"

मी राखेची मूठ घेऊन परत घासायला लागले. ही गोष्ट तिनं पुन्हा कधी काढली नाही.

तिसऱ्या दिवशी खालून राखाडी लोखंड दिसायला लागलं. खड्डे पडले होते, देवीचे व्रण असतात तसे, पण आरपार काही नव्हतं. धुतला की लगेच जाळावर, एक थेंब ओल राहू द्यायची नाही. कोरडा झाला तसा अर्धा बटाटा जवसाच्या तेलात बुडवून फिरवायचा, आणि फिरवलेलं पुसून काढायचं. मी म्हणाले, पुसायचंच तर लावायचं कशाला? "तेल दिसलं न्हाई पायजे. दिसलं म्हंजे जास्त झालं." धूर निघायचा, तवा काळा व्हायचा, परत बटाटा, परत पुसणं. शेवटचा हात शेंगदाण्याच्या तेलाचा. "उपासाला बाकीचं चालत न्हाई. गणपतीला कळतंय."

सगळं झाल्यावर तिनं तवा गार होऊ दिला, सुतळीनं दाराच्या चौकटीला टांगला आणि पेर मारलं.

ठण्ण वाजला. आत खाटेवर लेक दचकून जागी झाली.

जिजीनं पुन्हा ठोकलं नाही. नुसती उभी राहिली, तो आवाज संपेपर्यंत.

अंगारकीला पहाटेच तीन दगडांची चूल मांडली. पहिलं थालीपीठ चिकटलं. मी ते खरवडून काढलं. "पहिलं तव्याचंच असतंय," जिजी म्हणाली, "गायीला दे." दुसरंही चिकटलं. समोर माणसं उभी. मी जिजीकडं बघितलं, ती तव्याकडं बघत होती, ओठ घट्ट मिटून. तिसऱ्याच्या कडेखाली उलथणं घातलं आणि ते सरकलं. आपल्या आपण सरकलं, ताटलीत पडलं, लालबुंद. त्याच्यानंतर मान वर करायला वेळ मिळाला नाही. जिजी पोत्यावर बसून गिऱ्हाइकांवर ओरडत होती. "वारा अडवू नका. तिकडून या. जल्दी काय हाये, देव कुठं पळून चाल्लाय." रात्री चंद्र उगवला, उपास सुटले, तसा मी जाळ ओढला. पाणी न लावता तिनं तवा पुसला, पाठीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "चढवला बरं का." कुणाला म्हणाली ते मी विचारलं नाही.

त्या तव्यावर आमचं घर उभं राहिलं. ह्यांचा पाय बरा झाला, पण थोडा आखूड राहिला, गाडी सुटली ती सुटलीच. लेक मोठी झाली, तिच्या शिक्षणाचा खर्च वाढला. एका गिऱ्हाईक बाईनं इथलं काम सांगितलं आणि मी आले. निघताना जिजी रडली नाही. माझ्या बॅगेत माझा लहान तवा ठेवत होते तर म्हणाली, "न्हेऊ नको. तिकडची हवा खारी हाये म्हणतेत, रुसंल." मग थोड्या वेळानं, "तू बी."

इथं मी रुसत नाही. पण संध्याकाळी समुद्राकडून वारा सुटला की ज्वारीच्या पिठाचा वास आठवतो, अंगणातली लाल भुकटी आठवते. सगळ्यात जास्त आठवतो तो पेराचा आवाज. इथं सकाळी कुणी काही ठोकत नाही.

मॅडमच्या तव्याला मी तसंच केलं. वीट मिळाली नाही, बागेतला फरशीचा तुकडा घेतला. चिंच मिळाली. जवसाचं तेल एका दुकानात बाटलीत मिळालं, औषध म्हणून विकतात. दुसऱ्या दिवशी तवा काळा झाला, पण मला खात्री वाटेना. घरी व्हिडिओ कॉल लावला. ह्यांनी फोन जिजीसमोर धरला. किती वाळली आहे. ऐकायला कमी येतं म्हणून ओरडून बोलते.

"झाला का?"

"झाला वाटतं, जिजी. बघा." मी तवा फोनसमोर धरला.

"तोंड काय दाखवती? पालथा कर."

मी पालथा केला. ती फोनच्या अगदी जवळ आली. मग म्हणाली, "ठोक." मी पेरानं ठोकलं. तिला ऐकू गेलं की नाही, देव जाणे. तिनं मान हलवली.

सुट्टीच्या दिवशी मॅडमनी त्यावर मासे भाजले, ते चिकटले नाहीत. त्या चांगलं म्हणाल्या, मी आत जाऊन डोळे पुसले. पण माझ्या मनातून दुसरंच काही जाईना. बोलताना फोन हलला तेव्हा जिजीच्या मागं थोरला तवा दिसला होता, भिंतीला टेकवलेला. मी निघाले तशी चूल बंदच आहे. कडेनं लाल दिसत होता. मी ह्यांना विचारलं. ते हळूच म्हणाले, "तिचे हात थरथरतेत आता. ह्या पंचमीला तेल लावायला उचलता आला न्हाई. मी लावतो म्हणलं तर म्हणली, राहू द्या, ती येईल."

जिजी, मी येईन. पुढच्या पंचमीच्या आधी सुट्टी मागितली आहे. तुमचं देणं कशानं फिटायचं नाही, हे मला कळतं, पण तेवढं तरी माझ्या हातून होऊ द्या. तुमी अंगणात नुसत्या बसून राहायचं. वीट मी आणीन, चिंच मी भिजवीन, जवसाचं तेल लावून पुसून काढीन. पहिली भाकर गायीला देईन. दुसरी तुमच्या ताटात वाढीन. तोवर रुसू नका.